अम्माच्या कबरीतला कागद

भर दुपारी अम्माच्या कबरीपाशी उकिडवा बसून मी तिला विचारलं, "अम्मा, लाडलेबाबांचे पीर कोण?"

उत्तर म्हणून मुंग्या आल्या. तांबड्या, चावऱ्या, आणि थेट पायजम्यात. मी उडालोच. कबरींमधल्या वाटेवरून पाय झाडत, मांड्या बडवत फाटकापर्यंत पोचलो. तिथून एक म्हातारा चालला होता. त्यानं मला पाहून हात जोडले. "सुभानल्ला! पोराला हाल आला," म्हणाला. हाल म्हणजे ईश्वराच्या प्रेमात माणसाचं भान सुटणं. माझं भान सुटलंच होतं, पण त्यात ईश्वराचा काही हात नव्हता.

ही त्र्याऐंशी सालची गोष्ट. मी चौतीस वर्षांचा होतो. याकूब कागदी, कागदी मुद्रणालयाचा मालक, आणि मारिफतीवर, म्हणजे आतल्या ज्ञानावर, अख्ख्या गावात सगळ्यात जास्त बोलणारा माणूस. या विषयावरची तीन पुस्तकं वाचली होती मी. त्यातलं एक अर्धं.

आणि तरी मेलेल्या आईला प्रश्न विचारायची पाळी माझ्यावर आली, ती लाडलेबाबांमुळे.

लाडलेबाबा आमचे पीर, म्हणजे गुरू. धंदा गाद्या भरण्याचा. पेठेच्या मागं त्यांचं पत्र्याचं शेड होतं. तिथं ते पिंजणाची तार टणटणवत कापूस पिंजत बसायचे आणि आम्ही मुरीद, म्हणजे शिष्यमंडळी, भोवती बसायचो. कापूस नाकातोंडात जायचा, म्हणून गाव आम्हाला शिंकणारी जमात म्हणायचं. बाबा हाताचं चुंबन घेऊ द्यायचे नाहीत. "हाताला काय लागलंय बघ आधी," म्हणायचे. भूत लागलंय म्हणून कुणी आलं तर त्याला आधी एरंडेल पाजायचे, आणि बऱ्याचदा भूत त्यातच उतरायचं.

अब्बा गेल्यावर प्रेस माझ्या अंगावर पडली होती, आणि पहिल्याच वर्षी मी रागाच्या भरात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या एका कंपोझिटरच्या डोक्यात खिळ्यांचा ट्रे घातला. अम्मानं मला कानाला धरून बाबांपुढं उभं केलं. बाबांनी चाळीस दिवस कापसातली सरकी वेचायला बसवलं. एक्केचाळिसाव्या दिवशी विचारलं, "काय कळलं?"

"सरकी लई असती," मी म्हणालो.

"एवढं कळलं तरी लई झालं," म्हणाले, आणि माझा हात हातात घेतला. पीरानं असा हात धरण्याला आमच्यात बैअत म्हणतात. ती झाली की माणूस त्याचा. त्यानंतर आजपर्यंत मी कुणावर हात उगारलेला नाही. मारिफत मला किती कळली कोण जाणे, पण त्या कंपोझिटरनं बाबांना जन्मभर दुवा दिला.

बैअत झाली की मुरिदाला शजरा मिळतो. शजरा म्हणजे पीरांची वंशावळ. रक्ताची नव्हे, हातांची. या पीराचा हात त्यानं धरला, त्याचा पुढच्यानं, अशी पैगंबरसाहेबांपासून आपल्या पीरापर्यंत साखळी. ती रोज सकाळी म्हणायची. आमच्या भागात उर्दू वाचणारे बोटांवर मोजण्याइतके, म्हणून आमचा शजरा मराठी अक्षरांत, आणि छपाई आमच्याच प्रेसवर, अब्बांच्या वेळेपासून. बायकांना मात्र बाबा स्वतः जांभळ्या पेन्सिलीनं लिहून द्यायचे. का, ते मी कधी विचारलं नाही. प्रेसवरचा भार तेवढाच कमी.

आणि मुरीद मेला की त्याचा शजरा त्याच्याबरोबर जातो. कबरीच्या भिंतीत, डोक्याजवळ, कोनाडा करतात आणि त्यात तो कागद ठेवतात. फरिश्ते प्रश्न विचारायला आले की माणसाकडे दाखवायला काहीतरी असावं. अम्माचा कागद तीन महिन्यांपूर्वी मी माझ्या हातानं तिच्या उशाशी ठेवला होता. मेणकापडात शिवलेली पुडी होती. उघडून पाहण्याची ती वेळ नव्हती.

आता मुंग्यांकडे कसं आलो ते सांगतो.

आमच्या गावचा मोठा दर्गा शाह नूरुल्लांचा. शजऱ्यात बाबांच्या लगेच वर त्यांचंच नाव. दर्ग्याचा कारभार अब्दुलगनी पीरजाद्यांकडे. त्यांचा सुरमा, त्यांचं अत्तर, त्यांची इस्त्रीची शेरवानी, सगळं जागच्या जागी असायचं. फक्त दर गुरुवारी माणसं जागेवर नसायची, ती आमच्या शेडमध्ये शिंकत बसलेली असायची. त्या वर्षी पीरजाद्यांनी दर्ग्याला संगमरवरी पाटी बसवली. तिच्यावर शाह नूरुल्लांच्या निधनाचं साल कोरलं, अठराशे नव्व्याण्णव. आणि शुक्रवारच्या नमाजानंतर, सगळा गाव जोडे शोधत असताना, त्यांनी बाबांना गाठलं.

"लाडलेसाहेब, आपला जन्म कोणत्या सालचा?"

"बारा सालचा. का? सोयरीक आणलीया का काय?"

कुणीतरी हसलं. पीरजादे हसले नाहीत. "शाह नूरुल्ला आपल्या जन्माच्या तेरा वर्षं आधी गेले. मग आपला हात धरला कुणी?"

बाबा जोडा पायात घालता घालता थांबले.

"येत्या गुरुवारी उरूस आहे," पीरजादे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "संदलच्या दिवशी, कबरीवर चंदन चढण्याआधी, दुपारी सगळ्या जमातीसमोर आपला पूर्ण शजरा वाचून दाखवावा. नाहीतर आपण बेपीर. आणि ज्यांनी ज्यांनी आपला हात धरला, जिवंत असोत की मेलेले, त्यांनी हवेचा हात धरला."

बेपीर ही आमच्यात शिवी आहे. पण मला ती ऐकूच आली नाही. मला फक्त 'मेलेले' ऐकू आलं, आणि मेणकापडातली पुडी डोळ्यांपुढं आली. अम्मा बिचारी तिथं कागद पुढं करून उभी, आणि फरिश्ते एकमेकांकडे बघतायत. प्रेस माझी, छपाई माझी, आणि एवढी वर्षं ते भोक माझ्या डोळ्यांखालून जात होतं.

मी तडक शेडमध्ये गेलो. बाबा पिंजत बसले होते.

"बाबा, नूरुल्ला आणि तुमच्या मधलं नाव कुणाचं?"

टण, टण, टण.

"बाबा, सांगा की. नसंल तर स्वप्नात बैअत झाली म्हणू. पुस्तकात हाय तसं. मेलेला पीर स्वप्नात येऊन हात धरतो."

"माझ्या सपनात एकदा म्हस आली हुती," बाबा म्हणाले. "तिचं नाव घालतूस?"

"मग खरं नाव सांगा."

त्यांनी पिंजण खाली ठेवलं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझ्या आईला इचार."

"अम्मा वारली, बाबा."

"मला म्हाईत न्हाई व्हय? मातीला मीच हुतो की. तिला ठावं हुतं. तिला इचार." आणि पुन्हा टण, टण.

आता बघा, साधा माणूस असता तर म्हणाला असता, अम्माच्या सामानात काही असेल, तिच्या मैत्रिणींना काही माहीत असेल. पण मी तीन पुस्तकं वाचलेला. पीर कधी सरळ बोलतो का? त्याच्या प्रत्येक शब्दाला सात पडदे! आईला विचार म्हणजे मृत्यूला विचार, मृत्यूला विचार म्हणजे स्वतःत मर. असा विचार करत मी कब्रस्तानात गेलो, आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

घरी जैबुन, माझी बायको, मांडीवरच्या गांध्यांना चुना लावत होती. तिला हसू आवरत नव्हतं.

"कबरीला कशाला इचारायचं ते? घरात इचारायचं की."

"घरात कुणाला?"

"मला. मीबी बाबांचा हात धरलाय की."

"जैबुन, ही मारिफतीतली गोष्ट हाय. तुला काय कळणार त्यातलं?"

तिचं हसू गेलं. चुन्याची डबी तिनं टप्पकन बंद केली. "बरं," म्हणाली, आणि भाकऱ्या थापायला गेली. त्या भाकऱ्या जरा जास्तच जोरात थापल्या जात होत्या, पण मी माझ्या विचारात होतो.

विचार असा होता की नाव मिळत नसेल तर नाव करावं लागेल.

मी बाबांवर जीव टाकत होतो, हे आधी सांगून ठेवतो, नाहीतर नुसता लबाड वाटेन. लबाडही होतोच. बाबांना मीच वाचवलं, असं पुढं कधीतरी गाव म्हणेल, हेही डोक्यात होतं. पण त्या दुपारी प्रेसचं दार आतून लावून मी खिळ्यांच्या केसपुढं, म्हणजे खणांच्या पेटीपुढं, उभा राहिलो तो अम्मासाठी.

जुन्या शजऱ्याची जुळणी बांधून ठेवलेलीच होती, एकच नवी ओळ हवी होती. पण नाव ठरवताना अडचण आली ती खिळ्यांची. लग्नसराई. शुभविवाह, शालू, शनिवार, शुभाशीर्वाद. 'श'चा खण रिकामा, त्यामुळे पीराला शाह करता येईना. 'स' संपत आलेला, त्यामुळे सय्यदही नाही. केसमध्ये भरपूर शिल्लक होता तो 'झ'. लग्नपत्रिकेत 'झ' कुणाला लागतो? मी बराच वेळ त्या खणाकडं बघत राहिलो आणि मग जुळवलं: हजरत पीर झुंबरअली वली. नूरुल्लांच्या खाली आणि लाडलेसाहेबांच्या वर. ओळ गॅलीत, म्हणजे जुळणीच्या तबकात, चपखल बसली. कागद म्हणून पत्रिकांचा उरलेला गुलाबी कार्डशीट होता, त्यावर दोनशे प्रती काढल्या. एवढं सुबक काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही.

बाबांना दाखवलं नाही. म्हटलं, ऐन वेळी दाखवू. ऐन वेळेची मला फार हौस.

गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर दर्ग्याचं आवार भरलं. चिंचेखाली पुरुष, आणि उजवीकडे हिरव्या चादरी बांधून केलेल्या पडद्यामागं बायका. पीरजादे लोडाला टेकून बसले होते. बाबा शेडमधून उठून तसेच आले होते, भुवयांवर कापूस. मी पुढं झालो, वाकून सलाम केला आणि गुलाबी शजरा पीरजाद्यांच्या हातात दिला.

"हा पूर्ण शजरा. जुन्या छपाईत एक ओळ राहिली होती. प्रेसची चूक. माफी असावी."

पीरजाद्यांनी चश्मा लावला आणि वाचायला लागले. एकामागून एक नावं. शाह नूरुल्ला आले. मग ते थांबले.

"हजरत पीर झुंबरअली वली," ते म्हणाले.

माझी पाचावर धारण बसली. पीरजाद्यांच्या कपाळावर एक आठी आली आणि मी ती बघत राहिलो. आता ते म्हणतील, हा कोण? पण ते पीरजादे होते. तीन पिढ्यांचे दर्ग्याचे मालक. आपल्याला माहीत नसलेला वली या भूमीवर होऊन गेला, हे दोन-तीनशे माणसांसमोर कबूल कसं करणार?

इतक्यात पुढच्या रांगेतून हाजी राजेभाई उठले. वय ऐंशीच्या पुढं. "झुंबरअली!" ते गहिवरून म्हणाले. "लहानपणी बघितलंय म्या त्यास्नी. उंच, गोरेपान, हिरवा फेटा. वड्याकडंच्या झाडाखाली बसायचे."

"व्हय, व्हय," मागून कुणीतरी म्हणालं. "माझी आज्जी सांगायची."

"आमच्या खानदानी कागदातही हे नाव आहे," पीरजादे अखेर म्हणाले आणि चश्मा काढला. "आत्ताच आठवलं."

काय सांगू तुम्हाला! गॅलीतून निघून आठवडाही न झालेला माणूस, त्याला फेटा आला, झाड आलं, आज्जी आली. मी छाती फुगवून बाबांकडं वळलो. वाटलं, आता डोळ्यांत पाणी असेल. बाबा गुलाबी कागदाकडं अशा नजरेनं बघत होते जणू मी त्यांच्या ताटात उंदीर वाढलाय.

"तर लाडलेसाहेब," पीरजादे म्हणाले, "हेच आपले पीर?"

बाबा उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. मला त्या क्षणी वाटलं, फक्त 'हो' म्हणा. एक अक्षर. अम्मासाठी.

"ह्या माणसाला मी वळखत न्हाई," बाबा म्हणाले.

राजेभाई उभे होते ते खाली बसले.

"माझा हात धरला हुसेनबी पिंजारणीनं. कापूस पिंजायची. मी तिच्याकडं कामाला हुतो, एकवीस वर्सं. शाह नूरुल्लांनी तिचा हात धरला तवा ती पंधरा-सोळा वर्सांची हुती. ते गेल्यावर ह्याच दर्ग्यात झाडू मारायची, आनि ह्याच दर्ग्यातनं तिला बाहीर काढली. कुनी काढली ते गनीसाहेबांच्या खानदानी कागदात असंल. माझं जे काय हाय, ते तिचं हाय."

आधी कुणालाच कळेना काय ऐकलं. मग एकदम गलका उठला. पीरजादे उभे राहिले. त्यांच्या शेरवानीला पहिल्यांदाच चुण्या पडलेल्या मी पाहिल्या.

"बाईच्या हातावर बैअत होत नाही!" ते गरजले. "कोणत्या शजऱ्यात आहे हे नाव? दाखवा एक कागद!"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांनी हिरव्या चादरींकडं पाहिलं.

चादरीमागून आवाज आला. एकच, जरा चिरका. तो आवाज मी ओळखत होतो, कारण तोच आठवडाभर माझ्याशी धड बोलत नव्हता. जैबुन शजरा म्हणत होती. दुसऱ्या ओळीला आणखी दोन-चार आवाज मिळाले. मग पाचपन्नास. वाचत नव्हत्या, गात होत्या. दळताना, भाकरी थापताना म्हणतात त्या चालीत.

ती चाल मी तीस वर्षं ऐकली होती. अम्मा रोज पहाटे चुलीपुढं बसून हेच गुणगुणायची आणि मी न्हाणीघराच्या दारात आंघोळीच्या पाण्याची वाट बघत, जांभया देत उभा असायचो. पाणी तापलं का, एवढंच विचारायचो. शाह नूरुल्लाचं नाव यायच्या आधी माझे ओठ हलायला लागले, आणि पुढची ओळ बायकांच्या तोंडून यायच्या आधी ती माझ्या तोंडात होती.

"या इलाही, शाह नूरुल्लाच्या वास्त्यानं,
या इलाही, हुसेनबीच्या वास्त्यानं,
लाडलेसाहेबाच्या वास्त्यानं, लेकराबाळांवर मेहर कर."

तुझ्या आईला विचार. बाबा सरळ मराठीत बोलले होते. पडदा एकही नव्हता, जे काही पडदे होते ते माझ्या कानांवर होते. अम्मानं मला ते नाव हजारो वेळा सांगितलं होतं आणि मी पाणी मागत होतो. मी दोनशे माणसांत उभ्या उभ्या रडलो. यावेळी मुंग्या नव्हत्या.

पीरजाद्यांनी निकाल दिला. साखळी तुटलेली, लाडलेसाहेब बेपीर, उरुसात त्यांना जागा नाही.

"बरं," बाबा म्हणाले. भुवईवरचा कापूस त्यांनी पुसला. "मला कदमांच्या दोन गाद्या भरायच्यात." आणि गेले. पुरुषांमधून त्यांच्या मागं कुणी उठलं नाही. मीसुद्धा नाही. पाय होते, उठलो नाही. चादरींमागून मात्र बांगड्यांचा आवाज झाला, आणि बायका एकेक करून मागच्या दारानं शेडच्या वाटेला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रेसमधला अब्बांचा जुना दप्तरगठ्ठा सोडला. बासष्ट सालच्या फायलीत बाबांनी छपाईसाठी दिलेला मूळ कागद सापडला, जांभळ्या पेन्सिलीतला. हुसेनबीचं नाव त्यात होतं. त्यावर अब्बांच्या निळ्या पेन्सिलीची आडवी रेघ, आणि समासात त्यांच्या टापटीप अक्षरात: 'चूक असावी. गाळावे.'

अब्बा वाईट माणूस नव्हते. जन्मभर लोकांच्या चुका दुरुस्त करत जगले. पीरांच्या साखळीत बाई, ही त्यांना चूक वाटली. विचारण्याइतकीही मोठी वाटली नाही, नुसती गाळण्याइतकी. आणि त्यांनी पाडलेलं भोक बुजवायला मी 'झ'च्या खणातून माणूस आणला.

कागद घेऊन मी शेडमध्ये गेलो. बाबांनी तो लांब धरून वाचला.

"अक्षर चांगलं हुतं तुझ्या बापाचं," म्हणाले.

"तुम्हाला कळलं नव्हतं, बाबा? छापून आल्यावर?"

"त्याच दिवशी कळलं." त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "तुझ्या बापाकडं यायला निघालूबी हुतो. पेठेतनं माघारी आलो. म्हटलं, ऱ्हाऊ दे. आता पुरुष यायला लागल्यात, सलाम करायला लागल्यात, कशाला उगाच? बायकास्नी खरं लिवून देत हुतो, म्हणून स्वतःला म्हणायचो, लाडल्या, तू खोटा न्हाईस. एकवीस वर्सं भ्यालो मी, याकुब्या. तुलाबी सरळ सांगायची छाती झाली न्हाई. तुझ्या मेलेल्या आईवर ढकललं."

मी पीराला इतकं लहान कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांच्यावर इतकं प्रेमही मला कधी वाटलं नव्हतं.

"मग काल कसं सांगितलंत?"

"तुझ्या झुंबरअलीनं सांगाया लावलं." ते एकदम हसायला लागले, खोकला येईस्तोवर. "फेटा घालून आला की रं ते! म्हटलं, हे बेणं तिच्या जागेवर बसलं तर मेल्यावर ती माझं कातडं पिंजंल. लेका, नाव तरी बरं ठिवायचं."

"'श' शिल्लक नव्हता, बाबा."

यावर ते आणखी हसले. मग मी ज्यासाठी आलो होतो ते विचारलं. "अम्माच्या कबरीतला कागद?"

"माझ्या हातचा. अठ्ठेचाळीस सालचा. हुसेनबी तवा जित्ती हुती, तिच्या म्होरं बसून लिवलेला. तुझ्या आईची काळजी करू नगंस. तिचं बेस चाललं असंल." त्यांनी पिंजण उचललं. "काळजी कर तुझ्या सोताची. तुझा कागद छापील हाय."

बाबा त्यानंतर चार वर्षं जगले. पुरुष फिरकले नाहीत, सलाम बंद झाले, गाद्यांची कामं कमी झाली. बायका येत राहिल्या. मी जायचो आणि सरकी वेचायचो. ते गेले तेव्हा खांदा द्यायला पाचजण होतो आणि रस्त्याच्या कडेला चारशे बायका.

झुंबरअलींचं मात्र उत्तम चाललंय. त्या दिवशी आवारात नेलेल्या गुलाबी प्रती पेठेत पसरल्याच होत्या. राजेभाईंनी मरेपर्यंत हिरव्या फेट्याची गोष्ट सोडली नाही, आणि ओढ्याकडच्या झाडाखाली कुणीतरी चुन्याचा चौथरा बांधला. आता तिथं दर्गा आहे, उरूस भरतो, नवस फेडायला लोक काचेची झुंबरं आणून टांगतात. एवढी झुंबरं अख्ख्या तालुक्यात कुठल्या लग्नाच्या हॉलमध्ये नाहीत. मी एकदा जाऊन सांगितलं, की बाबांनो, हा माणूस मी जुळवलाय. तिथल्या मुजावरानं मला प्रेमानं बसवून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "चाचा, वलीची लीला. त्यांनी तुमच्या हातून स्वतःचं नाव लिहवून घेतलं." प्रसाद घेऊन घरी आलो.

गेल्या वर्षी माझ्या छातीत कळ आली. दवाखान्यातून परतल्यावर जैबुनला म्हणालो, "माझं काही झालं तर तुझा कागद माझ्या कबरीत ठेव. बाबांच्या हातचा आहे."

"आन मी काय झुंबर घिऊन जाऊ?" ती म्हणाली. "माझा माझ्यासाठी हाय. तुमचा तुमी लिवा. हातानं. मी सांगते तसं."

मग रोज सकाळी ती चुलीपुढं, हल्ली गॅसपुढं, बसून म्हणते आणि मी लिहितो. जांभळी पेन्सिल आता मिळत नाही, बॉलपेननं लिहितो. हात कापतो, ओळ वाकडी जाते, की ती पहिल्यापासून लिहायला लावते. आणि नुसतं लिहून चालत नाही, चालीत म्हणावं लागतं. माझा आवाज फाटका. शेजारचे विचारतात, चाचांना बरं नाही का. नूरुल्लांच्या पुढं आलो की ती लाटणं हातात धरून माझ्या तोंडाकडं बघते.

काल कागद पूर्ण झाला. जुन्या सवयीनं प्रूफ वाचावं तसा बोट ठेवून वाचला, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. चूक नाही. काही गाळलेलं नाही. जैबुननं तो मेणकापडात शिवला आणि विचारलं, "पाणी तापलंय, आंघोळ करताय न्हवं?"